कमलमावशीची पायवाट

कमलमावशी दारात रांगोळी काढत नसत. आमच्या चाळीसमोरून आमलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मातीच्या कडेवर काढत. सिल्वासात तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. माल घेऊन आलेले ट्रक गेट उघडेपर्यंत त्याच कडेवर थांबत, आणि पायी जाणाऱ्या बायका, शाळेची मुलं त्यांना वळसा घालून भर रस्त्यात येत. रांगोळीवर चाक घालायला मात्र ड्रायव्हर कचरत.

मावशी धुळ्याकडच्या, धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला. मुलगी वर्षा आमलीच्या शाळेत जायची. रात्रपाळी करणाऱ्या नानांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, बजावलं होतं, "ट्रकांमधून पोरीला पाठवायची नाही. घरी बसली तरी चालेल." मावशी भांडल्या नाहीत. "वाट मी राखते. वाट राहिली तर शाळा राहिली," एवढंच म्हणाल्या.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. त्या भरात मी एकदा म्हणालो, "मावशी, शहर वाढायचं तर रस्ते मोठे व्हायलाच हवेत."

"होऊ दे ना मोठे. पन पाय बी गाडीच शे, भाऊ. तिले जागा कोन देईल?"

 

एकदा एका ड्रायव्हरने ट्रक सरळ रांगोळीवर आणला. मावशी पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मौसी, हटो. सरकारी रास्ता है."

"सरकारी है तो मेरा भी है. तू काय सरकारचा जावई शे का?"

नळावरच्या बायका खदाखदा हसल्या. ड्रायव्हरही हसला आणि त्याने ट्रक मागे घेतला.

पुढे रस्ता रुंद झाला. डांबर थेट कारखान्यांच्या भिंतींना भिडलं. रांगोळी काढायला कडच उरली नाही. नाना म्हणाले, "झालं. उद्यापासून वर्षा घरी."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला जायला वापीची बस पकडायला सायकलवरून निघालो, तर पुढे ट्रकांची रांग आणि भोंग्यांचा कल्लोळ. समोरून गाड्या येत असल्याने कोणालाच पुढे काढता येत नव्हतं. रांगेच्या तोंडाशी मावशी होत्या. वर्षाचा हात धरून त्या डांबरावरून आपल्या चालीने चालल्या होत्या.

"आई, तो भोंगा वाजवतोय."

"वाजवू दे. त्याले ब्रेक शे. तू पुढे बघ."

मी जरा घुटमळलो. मग सायकलवरून उतरून वर्षाच्या बाहेरच्या बाजूने चालू लागलो.

"तुझी बस जाईल ना, भाऊ," मावशी म्हणाल्या.

बस गेलीच. वर्षा प्रार्थनेला वेळेवर पोचली.

पुढच्या सकाळी मी जरा लवकरच निघालो. पण बाहेरच्या बाजूला माझी गरज नव्हती. तिथून रात्रपाळी संपवून आलेले नाना चालले होते, एका हातात रिकामा डबा आणि दुसऱ्या हातात वर्षाचं दप्तर.