मोटरी तपासणाऱ्या कुसुमवहिनी

शेड उघडून नुकताच आत आलो होतो, तेवढ्यात पुतणीचा फोन आला. "काका, आई उठतच नाहीये." त्यांच्या सुदामा नगरच्या घरी पोचलो तेव्हा डॉक्टर पायऱ्या उतरत होते. कुसुमवहिनी झोपेतच गेल्या होत्या. त्याला आता दीड महिना झाला.

वहिनी मूळच्या बेटमा गावच्या. माझा मोठा भाऊ गेला तेव्हा सांवेर रोडवरची आमची शेड विकायचं ठरलं होतं. सामान बघायला म्हणून त्या आल्या, पदर खोचून विखुरलेले पाने-पकडी जागेवर लावायला बसल्या आणि राहिल्याच. नर्मदेवरच्या होड्यांना मागे लावतात त्या पेट्रोलच्या मोटरी आमच्याकडे दुरुस्तीला येतात. दोन-तीन वर्षांत वहिनींना नुसत्या आवाजावरून खोट कळू लागली. तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासल्याशिवाय त्या एकही मोटर बाहेर जाऊ देत नसत.

एका दुपारी एक नाववाला आपली मोटर न्यायला घाईत आला. "भाभीजी, कल मेला है, दिनभर सवारी बैठेगी." त्याची घाई मलाही लागली. दोन्ही प्लग काढले, वरच्या सिलिंडरला दाब मोजायचा गेज लावला आणि इंजिन फिरवायचा दोर ओढला. प्लगच्या वायरी तशाच लोंबत होत्या... खालच्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ आली, वायरीतून ठिणगी उडाली आणि भडका झाला. वहिनींनी मला बाजूला ढकललं आणि ओलं पोतं इंजिनावर दाबून धरलं. आग विझली, पण त्यांचं मनगट भाजलं.

आता चांगलंच ऐकावं लागणार, असं मला वाटलं. त्या मात्र पट्टी बांधून तासाभरात परत आल्या. "भाऊजी, आता माझ्यासमोर करा. आरामात. पेट्रोलची नळी काढा, इंजिन बंद करायची सेफ्टीची क्लिप काढा. गिअर न्यूट्रल, पंखा उतरवा. आणि वायरी इंजिनाच्या अंगाला पक्क्या जोडा, म्हणजे ठिणगी हवेत उडणार नाही. मग रेस पूर्ण उघडून दोर ओढा."

त्या सांगत होत्या तसं मी एकेक करत गेलो. त्या शेजारीच उभ्या राहिल्या, म्हणून जमलं.

खालच्या सिलिंडरचा आकडा वरच्याच्या निम्मासुद्धा नव्हता; अशी मोटर भर पात्रात बंद पडू शकते. नाववाला म्हणाला, "एक दिन निकल जाएगा, भाभीजी." मीही हळूच म्हटलं, "वहिनी, रोजचं गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू..."

वहिनींनी त्यालाच विचारलं, "भिया, अपने बच्चों को बिठाओगे इसमें?"

वहिनींनी त्याच्यासमोरच मला खालचं सिलिंडर उघडायला लावलं. पिस्टनची रिंग तुटलेली होती. तिचा तुकडा त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवला. मेळ्याला त्याने दुसरी मोटर भाड्याने नेली, आणि त्यानंतर दुरुस्तीला तो दुसरीकडे कधी गेला नाही.

वहिनी गेल्यावर लोकांनी विचारलं, शेड चालेल का? चालेल. चालतेच आहे. काम कसं करायचं ते त्यांनी माझ्या हातात घालून ठेवलंय. फक्त एक सवय राहिली आहे. दोर मी ओढायचो आणि गेजवरचा आकडा त्या मोठ्याने वाचायच्या. गेजचा काटा जागेवर थांबून राहतो, एकट्यालाही आरामात वाचता येतो. तरी दोर ओढून झाला की मी लगेच वाकून बघत नाही... क्षणभर तसाच उभा राहतो, कुणीतरी आकडा सांगेल म्हणून.