निरोप दिल्याशिवाय ब्लाउज नाही

अक्कांचा आवाज नळदुर्गात सुटला की तिकडं अणदुरात खंडोबाच्या देवळावरची कबुतरं उडायची, असं मी सांगतो तेव्हा लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी तो आवाज ऐकलाय ते उलट मलाच विचारतात, "अणदूरपर्यंतच? मग त्या दिवशी घसा बसला असंल." अशा बाईला फोन कशाला लागतो, हे कोडं मला कधी सुटलं नाही. त्यांनी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला की तो आधी खिडकीतून यायचा आणि मागाहून फोनमध्ये. माणूस गोंधळून जायचा. आता उत्तर कुठं द्यायचं, फोनवर की खिडकीत?

अक्का ब्लाउज शिवायच्या. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला एक खोली, खोलीत मशीन आणि मशीनच्या मागं अक्का. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की अस्सल दखनी. "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा, म्हणून बसवून घ्यायच्या आणि एकदा बसलेल्या बाईला उठू द्यायच्या नाहीत. ओठांतल्या टाचण्या न काढता त्या तासन्‌तास बोलत. टाचणी गिळली असं कधी झालं नाही. झालंच असेल तर टाचणीलाच पचायला जड गेलं असेल. एखादी बाई म्हणाली, "अक्का, मी एवढी काय जाड न्हाय," की उत्तर ठरलेलं. "टेप काय तुझी नणंद हाय का, खोटं बोलायला?"

आता ग्रुपचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. अक्कांनी गिऱ्हाइकांचा एक ग्रुप केला होता. नाव, 'ब्लाउज तयार आहे'. शिवून झालेल्या ब्लाउजचा फोटो टाकायचा, ज्याचं त्यानं ओळखून घेऊन जायचं. सोय चांगली. पण आमच्याकडं घरात फोन एक आणि तो बाप्याच्या खिशात. बायकांनी नंबर दिले ते नवऱ्यांचे. त्यामुळं बायकांच्या त्या ग्रुपात बाई म्हणाल तर एकट्या अक्का. बाकी सगळ्या मिशा. ट्रॅक्टरवाले, खतदुकानवाले, पिठाच्या गिरणीवाले, आणि हायवेवर धाबा चालवणारे आमचे थोरले बंधू आप्पा. आप्पांच्या हाताखाली मी गल्ल्यावर बसायचो, त्यामुळं पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं. उरलेलं मी वाढवून सांगतो, ते वेगळं.

एका दुपारी धाबा ट्रकवाल्यांनी भरला होता. आप्पांचा फोन मोठ्या स्पीकरला जोडलेला, त्यावर गाणी चाललेली. आप्पांनी न बघता कुठंतरी बोट लावलं आणि गाणं तुटून स्पीकरमधून अक्का गरजल्या, "बायांनो, आरशापुढं उभ्या राव्हा! दोन्ही हात वर करा!" धाब्यात अशी शांतता पसरली की तव्यावरची भाकरीही फुगायची थांबली. हैदराबादकडचा एक ड्रायव्हर मराठीचं अक्षर न कळणारा, पण आवाजातला हुकूम त्याला कळला. त्यानं दोन्ही हात वर केले. त्याचं बघून क्लीनरनं केले. आमच्या आचाऱ्यानं उलथन्यासकट केले. स्पीकर पुढं बोलतच होता. "छातीत, काखंत गाठ लागती का बघा. कातडी आत वढल्यावानी दिसती का, बोंडीतून पाणी येतं का बघा. दुखत न्हाय म्हणून गप बसू नगा. दुखत नसली तर आधी दवाखाना गाठा!" आप्पा स्पीकर बंद करायला धावले आणि गडबडीत त्यांनी आवाज आणखी वाढवला.

त्यानंतर रोज काहीतरी यायला लागलं. कधी आवाज, कधी व्हिडिओ. अक्कांनी कापसाची एक उशी शिवली होती आणि तिच्या आत कुठंतरी चिंचोका दडवला होता. बोटाच्या टोकानं नाही, पेरांनी, सपाट हातानं गोल गोल कसं चाचपायचं ते त्या उशीवर दाखवायच्या. खाली लिहायच्या, 'महिन्यातून एकदा. पाळी झाल्यावर.' हे सगळं त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या शिबिरात नर्सबाईंकडून शिकून घेतलं होतं, एवढं खरं. पण हे वेड त्यांनी का घेतलं, ते विचारलं की दरवेळी नवं उत्तर. मला म्हणाल्या, बहीण गेली. गिरणीवाल्याला म्हणाल्या, एक गिऱ्हाईक गेलं. आप्पांना म्हणाल्या, "कुनी जावंच लागतं का? आधी बोललं तर चालत न्हाय का?" यातलं खरं कोणतं, मला आजही माहीत नाही.

बाप्यांनी बैठक घेतली. गावात पाण्यासाठी जमली नसेल एवढी माणसं आमच्या धाब्यावर जमली. विषय काय, हे मात्र कोणीच तोंडानं बोलेना. "ते... त्याचं काय करायचं?" "कशाचं?" "तेच की, ते." असं बराच वेळ चाललं. शेवटी सगळ्यांनी मिळून ग्रुप सोडला. फोनवर 'बाहेर पडले, बाहेर पडले' अशी रांग लागली. पण लगीनसराई तोंडावर. दोन दिवसांत घराघरांतून विचारणा सुरू झाली, "माझं ब्लाउज झालं का?" फोटो दिसेना, सांगणार काय? एकेक मिशी खाली मान घालून परत ग्रुपात आली.

आप्पा मात्र भांडायला गेले. मला सोबत नेलं. "अक्का, बायकांच्या गोष्टी बाप्यांच्या फोनवर कामून टाकता?"

"मग बायकांचे नंबर द्या की. वयनीकडं फोन हाय का?"

आप्पा म्हणाले, "तसं न्हाय, पर आमी काय करावं ह्याचं?"

"निरोप द्यावा. आजपासून निरोप दिल्याशिवाय ब्लाउज न्हाय."

मला वाटलं, बोलायची पद्धत. नव्हती. दुसऱ्या दिवसापासून अक्कांच्या ओट्यावर बाप्यांची परीक्षा सुरू झाली. ब्लाउज न्यायला आलेल्याच्या हातात आधी उशी. "चिंचोका कुठं हाय, सांगा." गावात पंचायत करणारी मोठमोठी माणसं घाम पुसत उशी चाचपायची. मग दुसरा प्रश्न, "घरी सांगितलं का? काय म्हणाली?" थाप मारली की अक्कांना कळायचं, कारण बाई आधीच मागच्या दारानं येऊन सांगून गेलेली असायची. खतदुकानवाला तीनदा नापास झाला. त्याच्या बायकोनं पुतणीच्या हळदीला जुनं ब्लाउज घातलं आणि आठवडाभर त्याच्या ताटात मीठ पडलं नाही.

आमच्या वहिनीचं ब्लाउज तिच्या भाच्याच्या लग्नासाठी शिवायला दिलं होतं. मोरपंखी, बाह्यांना काठ. वहिनीचं माप अक्कांनी नव्यानं घेतलं होतं. एरवी जुनं मापाचं ब्लाउज दिलं की भागायचं. त्या वेळी मात्र अक्का म्हणाल्या, "टेपनंच घेते," आणि दार लोटून घेतलं. त्यात त्यांच्या हाताला काही लागलं होतं का? ग्रुपवरचा सगळा गोंगाट त्यानंतरच सुरू झाला, असं मला वाटतं. पण मला तारखा लक्षात राहत नाहीत, आणि आप्पा म्हणतात आधीच सुरू झाला होता. अक्कांना विचारलं तर त्या टाचण्या ओठांत धरून हसल्या. एरवी त्याच टाचण्या तोंडात असताना तासभर बोलणारी बाई!

तर आप्पांना निरोप द्यायचा होता. आमच्या घरी नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे "मीठ" आणि "गाडी आली का" एवढंच. आप्पा मला म्हणाले, "तू सांग."

"मी दीर हाय, आप्पा. मी कसं सांगू?"

"मग आचाऱ्याला सांगावं का?" एवढे गोंधळले होते बिचारे. शेवटी त्यांनी फोनवर अक्कांचा आवाज लावला, फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवला आणि चोरी केल्यासारखे बाहेर पळाले. मी पडवीत होतो, ते माझ्यामागं येऊन उभे राहिले. आतून अक्का गरजत होत्या आणि भाकरी थापण्याचा आवाज येत होता. मग भाकरीचा आवाज थांबला. अक्काही संपल्या. वहिनी दारात आली. हात पिठानं भरलेले, नजर खाली.

"आवो," ती आप्पांना म्हणाली, "ती अक्का म्हणत्यात तसं... हाय मला. डाव्या अंगाला. दुखत न्हाय म्हणून म्या बोलले न्हाय."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी खांबाकडं पाहिलं. वहिनीच घाईनं म्हणाली, "लगीन झाल्यावर बघू. काय घाई न्हाय." आणि आप्पांना ते पटल्यासारखं झालं. घाबरलेल्या माणसाला पुढची तारीख फार गोड लागते.

तसेच ते अक्कांकडं गेले, मागोमाग मी. उशी हातात घेतली नाही, ब्लाउज मागितलं नाही. मशीनपाशी जमिनीवर बसले. "अक्का, निरोप दिला," म्हणाले. "हाय म्हणती ती. लगीन झाल्यावर जावं का?"

अक्कांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत टोचल्या. ओठ मोकळे असलेल्या अक्का मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि त्या हळू बोलल्या. त्या आवाजानं कबूतर काय, माशीही उडाली नसती. "गाडी काढा, आप्पा. सोलापूर. उद्या सकाळी न्हाय, आत्ता."

"तसलंच असंल का?"

"मला काय ठावं? म्या शिंपीण हाय. लई गाठी साध्याच असत्यात म्हणे. पर ते हितं बसून कळत न्हाय."

जीपमध्ये अक्का वहिनीशेजारी बसल्या आणि सोलापूर येईपर्यंत बाह्यांवर बोलल्या. फुग्याच्या बाह्या, जाळीच्या बाह्या, कोपरापर्यंतच्या बाह्या. वहिनी मध्येच हसलीसुद्धा. दवाखान्यात आम्ही भाऊ पार हरवलो. फोटो काढायची खोली एकीकडं, सोनोग्राफी दुसरीकडं, सुई घालून तुकडा काढायचा तिसरीकडं. आप्पा दिसेल त्याला विचारायचे, "म्हंजे हाय का न्हाय?" डॉक्टरांना विचारलं, नर्सला विचारलं, लिफ्टवाल्याला विचारलं. लिफ्टवाला म्हणाला, "कितवा मजला?"

रिपोर्ट आला. होता. कॅन्सरच होता. पण गाठ लहान होती, काखेत पसरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात." आप्पा रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं ह्यांना नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा समजावलं, तर आप्पा आणखी रडले. चांगलं झालं की वाईट, रडायचं की पेढे वाटायचे, तेच आम्हाला ठरवता येईना. वहिनी तेवढी शांत. तिनं विचारलं, "लगीन चुकंल न्हव?" चुकलं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, किरणांचे उपचार झाले, केस गेले, पुन्हा आले. वर्षभर आप्पांनी भाकरी थापली. तशा भाकऱ्या हायवेवर टाकल्या असत्या तर ट्रक पंक्चर झाले असते. पण वहिनीनं त्या खाल्ल्या.

अक्कांनी ते मोरपंखी ब्लाउज उसवलं. डावी बाजू नव्यानं बेतली, आतून मऊ कापसाचं अस्तर घातलं आणि स्वतः आणून दिलं. घालून दाखव म्हणाल्या. वहिनी आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा अक्कांनी तिला उजेडात उभी केली, मागून-पुढून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "खांद्यावर जरा सैल हाय. दे, पुन्हा करते." त्यांच्या तोंडून हे वाक्य त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. आपलं काम चुकलं, असं त्या मरेपर्यंत कबूल करणार नाहीत अशी गावात पैज होती.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा जाईना. लेक कलबुर्गीहून आली आणि घेऊन गेली. मशीन टेम्पोत चढवलं तेव्हा ओट्यावर बाप्यांचीच गर्दी जास्त होती, बायका मागं. खतदुकानवाल्यानं तर गडबडीत त्यांना "या पुन्हा, माल आलाय" म्हटलं. टेम्पो सुटायच्या आधी अक्कांनी आप्पांचा फोन मागितला, स्वतःचा काढला, दोन्ही डोळ्यांजवळ धरून काहीतरी दाबलं आणि म्हणाल्या, "आता ग्रुप तुमचा."

"माझा? मी काय करू त्यात? मला शिवता येत न्हाय!"

टेम्पो निघून गेला.

कितीतरी दिवस ग्रुप मुका होता. आप्पा फोन हातात घ्यायचे, बघायचे, ठेवायचे. मग एका दुपारी धाब्यामागं बाजेवर बसून त्यांनी एकदाचं बटण दाबून धरलं. मी ऐकत होतो. आधी नुसता खोकला. मग दोन ट्रकांचे हॉर्न. मग आप्पा.

"हां. मी आप्पा बोलतोय, धाब्यावरून. आमच्या घरात झालं हुतं. आता बरं हाय. मला त्यातलं काय समजत न्हाय. पर कुनाला सोलापूरला जायचं असंल तर जीप हाय. मी काय इचारनार न्हाय. गाडीत बसा, झालं."

पाठवलं आणि चूक झाल्यासारखं ते फोनकडं बघत राहिले. मला म्हणाले, "पुसून टाकू का?" मी म्हणालो, "असू द्या." संध्याकाळपर्यंत कोणाचंच उत्तर नाही. दिवे लावायच्या वेळेला आप्पांच्या फोनवर एक बोललेला निरोप आला. नंबर ग्रुपातल्याच कोण्या बाप्याचा, आम्हाला अनोळखी. आवाज बाईचा, अगदी बारीक, मागं म्हैस हंबरतेय.

"भाऊजी, उद्या जमंल का? ह्यांना म्या सांगितलं न्हाय अजून. पर तुमचं ऐकून ह्यांनीच फोन माझ्या हातात दिला."

आप्पांनी ते दोनदा ऐकलं. न सांगता नवऱ्याला कसं उमगलं, ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. मलाही नीट कळलं नाही. ते उठले, चप्पल घातली आणि जीपच्या चाकांतली हवा बघायला गेले.