आमच्या हातचा बंधारा

"हंडा बुडवू नको गो. ते पाणी आमच्या घरात जातं."

मालकीणबाई काठावरून म्हणाल्या. आवाज न चढवता.

मी गुडघाभर पाण्यात उभी. ते पाणी मीच अडवलेलं. पाऊस सरल्यावर मी आणि सासूनं रिकाम्या गोणी वाळूनं भरल्या, तोंडं शिवली, ओढ्यात एकावर एक रचल्या. फटींत माती चोपली. शेजारी मालकांची भेंडी. तिला ठिबक. ओल टिकावी म्हणून झाडांच्या बुडाशी भाताचा पेंढा. तोही आमीच अंथरला. बंधारा रचताना दिवसभर त्याच पाण्यात होतो. आमचे पाय चालले. हंडा चालत नव्हता.

आमी कातकरी.

"मग पाणी?"

"गडी देईल काढून. तू वर येऊन थांब."

सासू हातानं बोलवत होती, ये गो, वर ये. तिची हयात अशी थांबण्यातच गेली. वाडीची विहीर आटलेली. गडी जेवत होता. त्याचं जेवण होईतो आमी उन्हात. मग आला, लांबूनच ओतलं. अर्धं मातीत.

मला राग आला नाय. थकवा आला. हंडा उचलला, पुन्हा बंधाऱ्यात रिकामा केला आणि चालू लागले.

सासू वाटभर रडली. "पोरांना काय पाजशील?" तिचं खरंच होतं. त्या दिवशी लांबच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी गाळून पाजलं.

पुढचा पाऊस सरला. मालक स्वतः वाडीत आले. "चल, गोणी भरायच्यात."

"नाय येत."

"का गो? काय झालं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"हंडा बुडवू दिला नाय तुमी."

ते हसले. "एवढ्यावरनं?"

"एवढ्यावरनंच."

वाडीतल्या बायांनी मिळून आमच्या नाचणीच्या उतारावर आडवे चर खणले. खालच्या ओहळात दगड-गोणी लावल्या. पहिला बंधारा वाहून गेला. हात सोलले. सासू आधी आली नाय, मग आली. पाणी आता थोडं थांबतं. उन्हाळाभर पुरत नाय.

मालकांचा बंधारा दुसऱ्या वाडीतल्या बाया बांधतात. त्याही हंडे घेऊन काठावर उभ्या असतात. यंदा पाऊस सरला की मी त्यांच्याकडं जाणार. गोणी खाली ठेवा, सांगणार. ऐकतील, नाय ऐकतील. नाय ऐकलं तर पुढच्या वर्षी परत जाणार.