दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर

सिस्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. आम्ही पुण्याहून बरकतपुऱ्यातल्या त्या इमारतीत राहायला आलो, त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एक उंच, काटक बाई शिरल्या. माझ्या चपलांवर नजर रोखून त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली?"

"दहा दिवस," मी म्हणाले. मला वाटलं, हैदराबादेत येऊन किती दिवस झाले ते विचारताहेत.

"तुझं नाही विचारायले, माय. त्या अंगठ्याचं."

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाडाचं टेंगूळ आलं होतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता. मी ते साडीच्या निऱ्यांत, रुंद बुटांत, जमेल तिथे लपवत आले होते. सिस्टरांनी ते दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या प्रवासात पाहिलं, वर "ऑपरेशन करून घे, वय वाढलं की हाड ऐकत नसतं," असं सांगून त्या उतरूनही गेल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो.

सिकंदराबादला रेल्वेच्या दवाखान्यात उभी हयात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. माहेर उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. बोलण्यात मराठवाडा होता आणि त्यात शहराचं 'हौ' आणि 'नक्को' इतकं मुरलेलं, की कुठलं कुठे संपतं ते कळत नसे. इमारतीतले तेलुगू, उर्दू, मारवाडी सगळेच त्यांना सिस्टर म्हणत.

ऑपरेशनला मी आणखी तीन वर्षं लावली. डॉक्टर त्याला 'बनियन' म्हणाले. पुण्याला सासूबाईंना फोनवर तेच सांगितलं, तर त्या घाबरून म्हणाल्या, "अगं, बनियनचं कसलं ऑपरेशन?" हाड कापून, सरळ करून, दोन स्क्रू बसवून मला घरी सोडलं. सहा आठवडे पाऊल टेकवायचं नाही, टेकवलंच तर जाड तळव्याच्या बुटात, टाचेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. माझ्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, मोठ्या हौसेनं गुडघ्याखाली उशी ठेवली होती. त्यांनी ती काढली, दोन उशा पोटरीपासून टाचेपर्यंत नीट रचल्या आणि त्याला म्हणाल्या, "श्रीकांतराव, आता तुम्ही करून दाखवा." त्यानं करून दाखवलं. मग त्या मला म्हणाल्या, "पाय वर ठेव, मन आपोआप खाली येतंय." त्यानंतर रोज सकाळी दहाला त्या हजर. बोटं हलव, घोटा फिरव, पाणी पी. भेटायला आलेली मंडळी चहाला रेंगाळली, तर दारात उभ्या राहून हसतमुखानं विचारत, "पेशंटला बघून झालं ना?" कुणी रागावत नसे. चपला मात्र घालत.

अंघोळीचा प्रश्न आला तेव्हा मी रडकुंडीला आले. पावलाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, स्टुलावर बसून दुसऱ्याच्या हातून पाणी घ्यायचं! एका कंपनीत माझ्या हाताखाली चाळीस माणसं. मी नको नको म्हणत राहिले. सिस्टरांनी पदर खोचला. "मोठमोठ्या अधिकाऱ्यांना घातलीय मी अंघोळ. साबणाला हुद्दा कळत नसतो." त्यांचे हात खरखरीत होते, पण इतके ठाम की लाजायला जागाच उरली नाही. पाठ चोळताना त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात मी घरून काम सुरू केलं. एका बुधवारी पोटरी फारच दुखायला लागली. गोळा आला असेल असं समजून आदल्या संध्याकाळी श्रीकांतकडून थोडी चोळूनही घेतली होती. सिस्टर आल्यावर मी त्यांना तेलाची बाटली देऊ केली.

"चोळू नक्को!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की माझा हात थबकला. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांवर तळवा ठेवून पाहिला. माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप मागितली, गुडघ्यापासून सारख्या अंतरावर दोन्ही पायांचा घेर मोजला. उजवा पाय तीन सेंटिमीटर जास्त भरला.

"चल."

"सिस्टर, अर्ध्या तासात माझी मीटिंग आहे. अमेरिकेहून लोक…"

"मीटिंग थांबंल. गुठळी थांबत नसते."

श्रीकांत ऑफिसला गेला होता. सिस्टरांनी खाली जाऊन रिक्षा आणली आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईच्या खांद्यावर भार टाकून मी त्यात बसले. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं पोटरी दाबून पाहिली. स्नायू आखडला असेल, म्हणाला. सोनोग्राफीला आज गर्दी आहे, उद्या सकाळी या. मी उठायला लागले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सिस्टरांनी मला दंडाला धरून बसवलं. टेप त्याच्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "बेटा, तू स्वतः मोज. फरक नसंल तर मी जाते."

त्यानं मोजलं. दोनदा मोजलं. मग फोन उचलला.

पोटरीतल्या शिरेत गुठळी होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं, हे मोठ्या डॉक्टरांनी मला सावकाश समजावून सांगितलं. सिस्टर तोवर इंजेक्शनची वेळ लिहून घेत होत्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही एवढ्या ठाम कशा होतात? चुकला असतात तर?"

त्यांनी आधी माझ्या पायाखाली उशा रचल्या. मग म्हणाल्या, "नवीन नोकरी होती माझी. रुळांवर काम करणाऱ्या एका गँगमनची बायको, पहिलटकरीण. बाळंतपण छान झालं. चौथ्या दिवशी पोटरी दुखायली म्हणाली. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बघू. मला वाटलं, सांगितलं की आपलं काम झालं." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "बाळाला पाजता पाजता गेली ती. तेव्हापासून मी एकदा सांगून गप्प बसत नाही, माय."

मी बरी झाले. पुढच्या दिवाळीत नवीन सँडल घालून त्यांच्यासोबत सुलतान बाजार पालथा घातला. दुकानदारांशी घासाघीस करताना त्यांचा आवाज वॉर्डातला असे.

दोन वर्षांपूर्वी एक दिवस त्या म्हणाल्या, "उदगीरला जायलेय. धाकट्या बहिणीची नजर गेलीय. माझी अजून हाय." घर विकलंसुद्धा होतं. ना सल्ला, ना घोळ. काचीगुडा स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. पिशवी त्यांनी माझ्या हाती दिली नाही. खिडकीशी उभी राहून मी काहीतरी बोलायला लागले, की तुम्ही नसतात तर मी आज… त्यांनी माझं बोलणं तोडलं.

"ते राहू दे. माझ्या घरात नवी माणसं येतील. पहिल्या आठवड्यातच दार वाजव. ते बोलावतील म्हणून वाट बघू नक्को."

गाडी हलली. त्यांनी हात केला आणि लगेच समोरच्या बाईशी बोलायला लागल्या.

महिन्याभरानं त्यांच्या घरात एक तेलुगू जोडपं आलं. मी दोन दिवस उगाच थांबले. माझी तेलुगू कच्ची, ओळख ना पाळख. तिसऱ्या दिवशी जिना उतरून दार वाजवलं. एका तरुण मुलीनं ते उघडलं. खांद्यावर तान्हं बाळ, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"काय हवंय, आंटी?" तिनं हिंदीत विचारलं.

"मला काही नको," मी म्हणाले आणि चपला काढल्या. "तुला काय हवंय?"