सूर्यास्तानंतरचं पाणी

नंदुरबारच्या बाजारपेठेत ताडपत्री, सुतळी आणि नायलॉन दोरीचं दुकान चालवणारे मदनलाल हे गावातले पहिल्या नंबरचे भित्रे गृहस्थ. ही निंदा नव्हे, ते स्वतःच तसं सांगतात. निजायच्या आधी गॅसचं बटण तीनदा बघतील, आणि मग शेजाऱ्यालाही हाक मारून विचारतील, "बंद केलं ना हो?" थंडीत पथारीवर मिरची वाळत पडलेली असताना आभाळ भरून आलं की ताडपत्रीवाल्यानं खरं तर खूश व्हायचं. मदनलाल गिऱ्हाइकाला ताडपत्री मोजून देता देता म्हणणार, "पटकन जा बापा, तुन्ही मिरची भिजी जाई!" आणि स्वतः दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्याच्यापेक्षा जास्त घाबरणार.

घाबरले की त्यांच्या तोंडून मारवाडी निघत नाही, शाळेतली मराठी तर नाहीच नाही. थेट अहिराणी निघते. बायको सायरबाई आतल्या खोलीतून नुसती भाषा ऐकून ओळखतात, आज काहीतरी बिनसलंय.

अशा माणसाच्या घरी रक्षा जन्मली. आठवीत असताना तिनं बापाला उंचीत गाठलं आणि अकरावीत पाच फूट अकरा इंचांवर जाऊन थांबली. एवढ्या उंचीचा जावई जैन समाजात आणायचा कुठून, या धास्तीनं सायरबाईंनी तिचं दूध निम्मं केलं. तिनं शेजारी जाऊन प्यायला सुरुवात केली.

तिला मैदानावर ओढलं ते शाळेतल्या पी.टी.च्या रेवजी वळवी सरांनी. एक दिवस सर दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "मदनशेठ, पोरगी मला द्या. बास्केटबॉलला. ही उंची शिकवून येत नसते."

"पडली तर?"

"पडेल. मग उठेल."

"हात मोडला तर?"

"शेठ, तुमच्या दुकानातली शिडी बघा जरा. तिच्यावर रोज चढते ती. तिथं मोडत नाही, मग इथं काय मोडतंय?"

मदनलालांनी त्याच दिवशी शिडी बदलली. पण नाही म्हणायचीही त्यांना भीतीच वाटली, कारण पोरगी सरांच्या मागे उभी राहून टक लावून बघत होती. त्यांनी हो म्हटलं. शाळेच्या रिंगला जाळी नव्हती, ती त्यांनीच नायलॉनच्या दोरीतून विणून दिली, प्रत्येक गाठ दुहेरी मारून. एवढंच त्यांना जमण्यासारखं होतं.

मग पोरगी चालली पुढे. जिल्हा, विभाग, राज्य. विसाव्या वर्षी रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली, मुंबईला गेली, रेल्वेच्या संघात बसली. रिंगवरून उसळलेला बॉल तीन-तीन जणींच्या डोक्यावरून हिसकावून आणायचा, हे तिचं काम. पेपरात फोटो आला की सगळा बाजार मदनशेठना पेढे मागायचा आणि मदनशेठ फोटोत पोरीचा पाय कसा पडलाय ते निरखत बसायचे. सामना कधी बघितला नाही. मोबाइल उपडा ठेवून नवकार मंत्र म्हणत राहायचे आणि तासाभरानं सायरबाईंना विचारायचे, "शे ना उभी?" जिंकली का हरली, हे नंतर.

मग ते झालंच. तेविसाव्या वर्षी, पंजाबात एका स्पर्धेत. उडी मारून खाली येताना डावा पाय वाकडा पडला आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. लिगामेंट गेलं होतं. मुंबईत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नऊ महिने धरा, आणि पुन्हा पहिल्यासारखी उडी मारेल याची हमी मी देत नाही. मदनलालांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आता त्यांना पोरगी पडेल याची भीती नव्हती. पोरगी खेळणार नाही याची भीती होती, आणि ही भीती कितीतरी वाईट होती, कारण घरी आणल्यावर पलंगावर पडलेल्या रक्षानं भिंतीकडे तोंड केलं होतं आणि ती चार दिवस कुणाशी बोलली नव्हती.

नंदुरबारच्या जैन स्थानकात तेव्हा एका साध्वींचा, महासतीजींचा, चातुर्मास होता. मदनलाल कुबड्यांवरच्या पोरीला रिक्षात घालून तिथं घेऊन गेले आणि हात जोडून म्हणाले, "हिला चौविहाराचं पच्चक्खाण द्या. खेळत राहील तोवर." पच्चक्खाण म्हणजे नेम, आणि चौविहार म्हणजे सूर्य बुडाला की अन्न नाही, औषध नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. स्वतः मदनलाल वयाच्या सतराव्या वर्षापासून पाळत आले होते. पण त्यांना काही संध्याकाळी चाळीस मिनिटं पळायचं नव्हतं.

महासतीजींनी पोरीकडे बघून विचारलं, "बाई, तुझी मर्जी आहे?"

रक्षानं तोंड उघडायच्या आत मदनलाल बोलून गेले, "मर्जी आहे, मर्जी आहे."

आणि परत येताना रिक्षात, भीतीच्या भरात, आणखी एक वाक्य बोलले. "बेटा, नीट पाळ हां. हे मोडलं तर गुडघा मोडला म्हणून समज."

दहा महिन्यांनी गुडघा उभा राहिला. नुसता उभा नाही, उडी पूर्वीसारखी आली. मदनलालांनी स्थानकात जाऊन डोकं टेकलं आणि हिशेब मिटल्यासारखे निवांत झाले. ती रिक्षातली गोष्ट ते विसरूनही गेले.

दोन वर्षं गेली. यंदा मुलींची लीग निघाली आणि एका संघानं रक्षाला करारावर घेतलं. सव्विसाव्या वर्षी पोरगी नुसत्या खेळावर उभी राहिली. उपांत्य सामना सुरतला होता. सुरत म्हणजे रेल्वेनं घरचंच अंगण, तेव्हा मदनलाल आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला गेले. बघायला म्हणजे काय, खुर्चीचा हात घट्ट धरून बसायला.

सामना पाचला सुरू झाला. सहाच्या सुमारास रक्षा बाकावर आली, घड्याळ बघून बाटलीभर पाणी प्यायली आणि बाटली खाली ठेवून दिली. पुढे प्रशिक्षक दोनदा बाटली पुढे करत होते आणि ती दोनदा मान हलवत होती. मदनलालांनी ते वरून बघितलं आणि त्यांची छाती अभिमानानं भरून आली. कसली गुणी पोर, म्हणून.

संघ तीन गुणांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी फायनल. लोक नाचत होते. मदनलाल नाचणाऱ्यांना म्हणत होते, "हळू, हळू, जिना शे." तेवढ्यात संघाचा मॅनेजर धावत आला. "रक्षाके पापा कौन? चलिए जरा."

झालं. गुडघा! दुसरं काय असणार? पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीपर्यंत मदनलाल कसे पोचले, त्यांनाच माहीत.

खोलीत रक्षा खुर्चीवर बसली होती. गुडघा शाबूत. समोर टेबल, टेबलावर कागद, कोपऱ्यात सीलबंद बाटल्यांचा फ्रिज, पलीकडे संडास-बाथरूमचं दार. एक अधिकारी बाई शांतपणे बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, डोप चाचणीसाठी चिठ्ठीत रक्षाचा नंबर निघालाय. लघवीचा नमुना द्यायचा, बस.

"मन्ही पोरनी काय खादं?" मदनलाल ओरडलेच. "मॅडम, आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही हो!"

"तिनं काही खाल्लंय असं कुणी म्हणत नाही, बाबा. चिठ्ठी आहे ती. कुणाचीही निघते." बाई समजुतीनं बोलत होत्या. "पण सामन्यात सगळा घाम गेलाय. तिला होत नाहीये. पाणी घे म्हणते, तर घेत नाही."

मदनलालांनी टेबलाकडे बघितलं. सीलबंद बाटली पोरीसमोर होती, न उघडलेली. खिडकीबाहेर केव्हाच अंधार पडला होता.

"मग उद्या सकाळी? सूर्य उगवला की..."

"इथून उठता येत नाही, बाबा. नमुना दिल्याशिवाय उठून गेली तर तो नकार धरतात. नकाराला चार वर्षांपर्यंत बंदी आहे. मी रात्रभर बसेन, माझं काही नाही. पण तिच्या पोटऱ्या बघा."

रक्षाच्या पोटरीत गोळे येत होते. ती दात दाबून पाय चोळत होती. ओठ मिरचीच्या सालासारखे सुकले होते. मॅनेजर दारात उभा राहून कपाळावर हात मारत होता. उद्या फायनल आणि ही अशी.

चार वर्षं. सव्वीस आणि चार तीस. मदनलाल हिशेबाला पक्के, त्यांना लगेच कळलं की हा आकडा म्हणजे शेवट. महासतीजींना विचारावं तर त्यांच्याकडे फोन नसतो, आणि दिवस मावळल्यावर पुरुषमाणसानं तिथं जायचंही नसतं. सायरबाईंना विचारावं तर त्या रडतील. विचारायला कुणीच उरलं नाही, म्हणून ते खुर्ची ओढून पोरीजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "पे बेटा. प्रायश्चित्त घेऊ आपण. देव समजून घेतो."

रक्षानं मान हलवली.

"पे ना वं. मी सांगतोय ना!"

"पप्पा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की त्यांना वाकावं लागलं, "गुडघा गेला तर?"

मदनलाल तिच्या गुडघ्याकडे बघायला लागले.

"तुम्हीच म्हणाला होतात. रिक्षात. तीन वर्षं होत आली, मी रोज झोपताना गुडघा चाचपते. संध्याकाळी चुकून कुणाच्या हातचं काही तोंडात गेलं असेल का, ते आठवत बसते. सामना जिंकला तरी तेच. आज दिवस बुडताना शेवटचा घोट घेतला, तर तो उजेडातच घेतला ना, एवढाच विचार डोक्यात होता. बॉल कुठं होता ते दिसलंच नाही मला. देवाला नाही घाबरत मी. गुडघ्याला घाबरते."

कोण बोलतंय हे? मदनलालांना वाटलं, आरशातून आपणच बोलतोय. जिला घाबरणं ठाऊक नव्हतं, जी सरांच्या मागे उभी राहून टक लावून बघायची, तिच्या अंगात ही भीती शिरली कुठून? कुठून म्हणजे? आपणच रिक्षात बसवून घातली की! त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की कान गरम झाले.

'अगं, ते खोटं होतं' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण शब्द बाहेर पडेना. कारण खरं सांगायचं तर, खोटं आहे याची त्यांनाही खात्री नव्हती. त्या क्षणीसुद्धा त्यांना वाटत होतं, पाणी प्यायली आणि उद्या खरंच पडली तर? पोरीला खोटा धीर द्यायचीसुद्धा या माणसाला भीती!

मग ते उठले. फ्रिजपाशी गेले, एक बाटली काढली. झाकण काही केल्या फिरेना. बाई म्हणाल्या, "बाबा, ती खेळाडूंसाठी आहे हो." मदनलालांनी ऐकलं नाही. झाकण एकदाचं निघालं. सतराव्या वर्षापासून, एक्केचाळीस वर्षं, तापानं फणफणले तेव्हाही, वडील वारले त्या संध्याकाळीही, दिवस मावळल्यावर या माणसाच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, बाटली तोंडाला लावली आणि गटागटा प्यायले. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. ठसका लागला.

"पप्पा! काय करी ऱ्हायनात तुम्ही!" रक्षा खुर्चीतून उठलीच.

मदनलाल खोकत, डोळे पुसत तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "देखं ना तू? पहिलं मी मोडं. आते जे व्हई ते मन्हा गुडघाले व्हई. माले कोठे खेयनं शे?"

म्हणजे जे व्हायचं ते आता बापाच्या गुडघ्याला, त्याला कुठं खेळायचंय! अधिकारी बाईंना अहिराणी येत नव्हती, पण त्यांनी मान खाली घालून कागद सारखे केले. रक्षा बापाकडे बघत राहिली. ओला सदरा, हातात रिकामी बाटली. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिनं टेबलावरची बाटली उचलली, सील तोडलं आणि तोंडाला लावली. एक संपवली. दुसरी मागितली. तिसरी निम्मी झाली तेव्हा पोटरीतला गोळा सुटला.

साडेनऊला सह्या झाल्या, नमुन्याच्या बाटल्या बंद झाल्या. बाई म्हणाल्या, "जा, झोप आता. उद्या खेळायचंय."

रक्षा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेली. तळाशी पोचून तिनं वळून बघितलं. मदनलाल अजून वरच होते. एका हातानं कठडा घट्ट धरलेला, दुसरा हात डाव्या गुडघ्यावर. एकेक पायरी चाचपत, आधी उजवा पाय, मग जपून डावा, असे ते उतरत होते.

"पप्पा, दुखतोय का?"

"अजून नाही," मदनलाल म्हणाले.