उसनं नाक

तलावाच्या धक्क्यावर, पूर्वी बोटी दुरुस्त करायच्या त्या शेडमध्ये, वहिनीची चहाची खोली होती. वारा पडला की होड्या सुरू व्हायच्या आणि खोली उघडायची; पुन्हा वारा उठून पाणी उसळायला लागलं की दोन्ही बंद. चार टेबलं, एक लांब बाक, मागे पत्र्याच्या आडोशाला दोन शेगड्या. मिळायचं ते मोजकंच: चहा, कॉफी, लोणी लावलेला टोस्ट आणि साधा केक. पण पलीकडच्या काठाहून येणारी माणसं होडीतून उतरली की आधी इकडे वळायची.

वहिनी हे काही तिचं नाव नव्हे. होडीवाल्याने एकदा तशी हाक मारली आणि ती सगळ्या धक्क्याचीच वहिनी झाली. तिची धाकटी जाऊ मात्र तिला मुद्दाम जाऊबाई म्हणायची. "गावाने वाटून घेतलेली हाक मला नको," म्हणायची.

दोघींचं पटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं बटाटे. हंगाम बंद असला की वहिनी घरी बटाट्याचे काप तळून दुकानांना द्यायची. धाकटी लोकांचे कपडे शिवायची. घर एकच, मधे प्लायवूडची भिंत. तळणाचा वास भिंत थोडाच मानतो? एका गिऱ्हाइकाने नवाकोरा कोट परत आणला. म्हणाला, "बाई, बसतो झकास. पण अंगात घातला की भूक लागते."

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने भिंतीपलीकडून चार शब्द ऐकवले, वहिनीने अलीकडून आठ परत केले. तेव्हापासून दोघींचं बोलणं फक्त भांड्यांच्या आदळआपटीतून.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर वहिनी तापाने पडली. ताप गेला, कणकण गेली, पण जाताना तिची वासाची जाणही घेऊन गेली. साबण हुंगा, कॉफी हुंगा, काहीच नाही. जिभेवर गोड-खारट तेवढं कळायचं, बाकी सगळं कोमट पाणी. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कधी, ते नाही सांगता येत. एखाद्याचा अर्धामुर्धाच येतो."

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. नवरा लांबच्या कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणार. त्याला फोनवर काय सांगायचं? धक्क्यावर कळलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. आणि धाकटीला कळलं तर? ती म्हणेल, बरी खोड मोडली.

वारा पडला. खोली उघडली. वहिनीने टेबलं पुसली, पडदे लावले आणि मनात धाकधूक घेऊन दूध चढवलं. आजवर तिचं नाकच सगळी राखण करायचं. दूध कधी लागतंय, चहा कधी मुरला, केकचा तळ कधी धरला, हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. आता ती राखण उठली होती.

होडीवाल्याने पहिला घोट घेतला आणि तो कपाकडे बघत राहिला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. आज जरा... वेगळा झालाय."

त्याने तो चहा संपवला, भला माणूस. पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "घरी घेऊनच आलोय." टेबलांवर अर्धे कप उरायला लागले. वहिनी ते मोरीत ओतताना एकेक कप नाकाशी नेऊन बघायची आणि हताश होऊन खाली ठेवायची.

मग एके सकाळी धाकटी शिवलेले कपडे होडीत द्यायला धक्क्यावर आली. खोलीवरून जाताना ती एकदम थबकली, गाठोडं बाकावर टाकलं, आडोशात घुसली आणि तिने सिलिंडरची चावी बंद केली. मग धाडधाड दोन्ही खिडक्या उघडल्या.

"जाऊबाई! गॅस सुटलाय! नाकात बोळे घातलेत का?"

वहिनीच्या हातात काडेपेटी होती. तिने ती हळूच फळीवर ठेवली.

"मला वास येत नाही गं," ती म्हणाली. "ताप आला तेव्हापासून. काही म्हणजे काहीच येत नाही."

धाकटीने चावी पुन्हा एकदा घट्ट पिळली. मग तिचा आवाज चढला.

"आणि हे मला आज सांगताय? मी भिंतीपलीकडेच राहते ना? का मी परदेशात असते?"

"तुला कशी सांगू? तू तर हसली असतीस."

"हसले असते की! दोन दिवस पोटभर हसले असते. मग तिसऱ्या दिवशी आले असते ना!" म्हणता म्हणता तिचे डोळे भरले. ते तिने पदराने पुसले आणि पातेल्याचं झाकण उचललं. "शी! हे दूध लागलंय. हे पाजता लोकांना?"

"म्हणूनच तर पीत नाहीत," वहिनी म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं.

त्या सकाळी आधी शेगडीची नळी बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या नवऱ्याने शिलाई मशीन सायकलवर बांधून आणलं आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात मांडलं. धाकटी तिथे बसून शिवायची आणि मान वर न करता हुकूम सोडायची. "उतरवा!" "केक बघा, नाहीतर कोळसा म्हणून विकावा लागेल!" "ही चहापत्ती कुठल्या जन्मीची?" गिऱ्हाइकांना आधी वाटलं, शिंपीणबाई कपड्यांशीच बोलतात. वहिनीला राग यायचा. पण अर्धे कप उरायचे थांबले होते, त्यामुळे राग गिळायला सोपा जायचा.

तरी ती नुसती हुकमावर राहिली नाही. दूध तापताना आधी कडेने सरसर वाजतं, मग आवाज दबतो, आणि पूर्ण गप्प झालं की वर यायला निघतं, हे तिने कान देऊन शिकून घेतलं. चहाचा रंग ती पांढऱ्या बशीत उजेडाला धरून बघायची. केकला बोटाने दाबायची. खड्डा भरून आला की झाला.

याचा कस लागला तो शाळेची सहल आली त्या दिवशी. होड्या भरभरून मुलं आणि शिक्षक उतरत होते, आणि कोपऱ्यात धाकटी लालभडक नाक रुमालात खुपसून बसली होती.

"सर्दी?" वहिनीने घाबरून विचारलं.

"बंद. दोन्ही बाजूंनी बंद," धाकटी गेंगाण्या आवाजात म्हणाली. "आज सगळं तुमच्यावर."

वहिनीने पदर खोचला. मोठं पातेलं चढवलं आणि मशीन थांबवायला सांगितलं. "मला दूध ऐकू दे." शिक्षक चकित होऊन बघत राहिले. शेगडीपाशी ती मान तिरकी करून उभी होती, जणू कुणी तिच्या कानात काही सांगत होतं. पातेलं तिने नेमक्या वेळी उतरवलं. बशीतला रंग दोनदा पाहिला. मग कप भरले.

होडीवाला दारात उभा होता. त्याने एक कप उचलला, फुंकून प्यायला आणि लगेच दुसऱ्याला हात घातला.

"घरून नाही आणला आज?" वहिनीने विचारलं.

"विसरलो," तो म्हणाला. "उद्याही विसरणार आहे."

हंगाम सरत आला तेव्हा एका दुपारी मोटारबोट धक्क्याला लागली आणि काळा धूर खोलीत शिरला. लोक नाक मुरडून उठले. वहिनी मात्र ट्रे घेऊन जागच्या जागी खिळली. "अगं, किती घाण वास येतोय!" ती ओरडली. "डिझेल! मला डिझेलचा वास येतोय!" तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून गिऱ्हाइकांना वाटलं, बाईला वेड लागलं.

पुढच्या हंगामापर्यंत साबण परतला, लिंबू परतलं, पावाचा वासही. चहाचा तेवढा धड आला नाही. कधी येतो, कधी हुलकावणी देतो. खोलीचं भाडं आता दोघी अर्धं अर्धं भरतात, आणि बाहेर शिलाईची छोटी पाटी लागली आहे.

परवा कोट सैल करून घ्यायला आलेल्या एका प्रवासी बाईने विचारलं, "तुम्ही दोघी बहिणी का?"

"छे हो!" धाकटी सुईत दोरा ओवत म्हणाली. "बहिणींचं कुठं इतकं पटतं?"

"पटतं म्हणे!" वहिनी आतून ओरडली. "बोलत काय बसलीस, बाईंचा कोट घे आधी मापाला!"