होम टाऊनचा रकाना

आमच्या टाउनशिपमध्ये प्रत्येक क्वार्टरच्या माळ्यावर टीव्ही, फ्रिज, मिक्सरचे रिकामे खोके असतात. 'बदली झाली तर लागतील' म्हणून ठेवलेले. बदली होत नाही, खोके मात्र वाढत जातात. किस्स्यांचंही तसंच. गेल्या वर्षभरात आमच्या घरात इतके साठलेत की आता एकेक उतरवायलाच हवा. हसा खुशाल. घडत होते तेव्हा मी एकदाही हसले नव्हते!

* * *

सुरुवात एका फॉर्मने झाली. बाबांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. नियम असा, की निवृत्त माणसाचं घरसामान कंपनी त्याच्या 'होम टाऊन'ला पोचवून देते. होम टाऊन म्हणजे नोकरीच्या कागदांवर लिहिलेलं तुमचं गाव; तिथं जायच्या तिकिटांनाही कंपनीची सवलत. सामान तिथंच जाणार, दुसरीकडे नाही.

आई पुण्याची. बाबा वरुडजवळच्या एका खेड्यातले. मी भोपाळमध्येच, इंद्रपुरीपासून पाच मिनिटांवरच्या याच क्वार्टरमध्ये वाढलेली; पण मला कोण विचारतंय!

"पुणे लिहून टाका," आई म्हणाली.

"होम टाऊन आता बदलता येत नाही," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "नियम आहे."

"इतकी वर्षं तुमच्यामागून इथं राहिले. आता उरलेलं आयुष्यही तुमच्याच गावात?"

"अगं, नियम आहे."

पुढचे आठ दिवस दोघं माझ्यामार्फत बोलत होते. "बाबांना सांग, कांदे संपलेत." बाबा समोरच बसलेले! नवव्या दिवशी मी जाहीर केलं, "मी एम.एस.डब्ल्यू. केलंय ते समाजाची कामं करायला, तुमचं टपाल वाटायला नाही." दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे रागाने बघितलं. वर्षभरात त्यांचं एकमत झालेलं ते एवढंच.

* * *

आईचं दुसरं भांडण हिंदीशी. घरात हिंदी शब्द आला की ती तो तिथल्या तिथं पकडते. शेजारचे दुबे अंकल रोज कुंपणावरून विचारायचे, "भाभीजी, क्वार्टर कब खाली कर रहे हैं?" त्यांच्या मुलाला आमचंच क्वार्टर हवं होतं.

मी एकदा बोलून गेले, "आई, क्वार्टर खाली करायला आता चारच महिने आहेत."

"खाली नाही, रिकामं! मराठीत खाली म्हणजे जमिनीवर."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही ठरवलं नाहीत तर चार महिन्यांनी आपण जमिनीवरच येणार आहोत!"

आईने त्या दिवशी मला दुरुस्त केलं नाही. ताट मात्र जरा जोरात आपटलं.

* * *

मग 'बघायला काय हरकत आहे' म्हणून आम्ही पुण्याला गेलो. मामाच्या सोसायटीत नवव्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने मिळत होता. आई एकेका खोलीत उभी राहून मनातल्या मनात कपाटं लावत होती. बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"काय झालं हो?"

"आठ वाजले का? भोंगा ऐकू आला नाही."

"पुण्यात भोपाळच्या कारखान्याचा भोंगा कसा ऐकू येईल, दाजी!" मामा हसला. आई हसली नाही.

निघताना गेटवर बाबांनी सवयीने वॉचमनला विचारलं, "भैया, ऑटो किधर मिलेगा?" वॉचमन बीडचा. त्याने प्रेमाने सावकाश, एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "काका, तुम्हाला मराठी समजतं का थोडं थोडं?"

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. इटारसीला चहा आला तेव्हा तिचं पहिलं वाक्य आलं: "साखर नको." चहा दोन स्टेशनं आधीच साखर घालून केलेला होता.

* * *

नंतर गाव. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, स्टँडवर न्यायला आले होते. घरी पोचताच त्यांनी मागच्या बाजूची खोली उघडली. पूर्वी तिथं कापूस भरायचे. आता चुना मारलेला, नवा बल्ब लावलेला.

"तुह्याच नावानं ठेवली हाये रे हे खोली," मोठे बाबा म्हणाले. "कोणाले बी देल्ली नाही."

बाबा चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

आईने खोलीच्या चारही भिंती बघितल्या. "दादा, हिला खिडकी नाही."

"खिडकी काहून पाह्यजे वो? दरवाजा केवढा मोठा हाये!"

आई बाहेर निघून गेली, त्याच मोठ्या दरवाजाने.

मी बाबांना संत्र्याच्या झाडांमध्ये गाठलं. "बाबा, एकदा तरी आईला विचारलंत का, तुला कुठं राहायचंय? प्रत्येक वेळी नियम, नियम! घाबरता तुम्ही. मोठ्या बाबांना नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून नियमाआड लपता!"

एवढं कडक मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. बाबांनी एक संत्रं तोडलं, सोललं, माझ्या हातात दिलं.

"आंबट आहे का बघ," म्हणाले.

गोड होतं. मला रागच आला.

* * *

भोपाळला परतल्यावर मी ठरवलं: नियम बदलत नसेल तर आपण बदलायला लावू. रात्रंदिवस बाकीच्यांच्या हक्कांसाठी अर्ज लिहिणारी मी, आईसाठी एक लिहू नये? दोन पानी अर्ज लिहिला. 'विवाहित स्त्रीचं गाव कोणतं?' असा प्रश्नही त्यात टाकला. तुलसी नगरच्या शिंदे मावशींना, आईच्या मैत्रिणीला, फोनवर वाचून दाखवला. त्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या. "भाषा छान आहे गं," त्या म्हणाल्या, "पण अर्ज अर्ध्या पानाच्या पुढे कोणी वाचत नाही."

मी एक ओळही कमी केली नाही!

बाबांना न सांगता आईला घेऊन मी कारखान्याच्या ऑफिसात गेले. खिडकीवर क्लार्क मिश्राजी होते, डबा नुकताच उघडलेला. मी अर्ज पुढे केला आणि भाषणच सुरू केलं. "कर्मचारी की पत्नी का भी कोई होम टाउन होता है! आप एक बार बदलने का मौक़ा तो दीजिए!"

मिश्राजींनी पोळीचा घास संपवला. "बेटा, मौक़ा तो सबको मिलता है. पूरी नौकरी में एक बार."

"तो फिर दीजिए ना!"

"कैसे दें? साहब का तो हो चुका."

त्यांनी हात पुसून बाबांची फाइल काढली. मधलं एक पान उघडून आमच्याकडे फिरवलं. अक्षर बाबांचंच, उजवीकडे झुकलेलं. जुनं होम टाऊन: गावाचं नाव, त्यावर आडवी रेघ. नवीन होम टाऊन: पुणे. कारण: ससुरजी अस्वस्थ हैं, पत्नी को बार-बार जाना होगा.

खाली तारीख. पुण्याचे आजोबा अंथरुणाला खिळले ते वर्ष. मी शाळेत होते. त्या वर्षी आई सारखी पुण्याला जायची आणि तिकिटं नेहमी तयार असायची. तिकिटं, फॉर्म ही बाबांची खाती. आम्ही कधी विचारलं नव्हतं. आणि दर दिवाळीला बाबा गावाला न्यायचे, तेही होम टाऊनच्या सवलतीतच, असं आम्ही धरून चाललो होतो. ते भाडं बाबांच्या खिशातलं होतं.

"भाभीजी, साहब ने बताया नहीं?" मिश्राजींनी विचारलं.

"बताया होगा," आई म्हणाली. "हमने सुना नहीं."

तिने माझा अर्ज काउंटरवरून उचलला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.  

* * *

बाबा व्हरांड्यात मटार सोलत बसले होते. आमच्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "कुठं जाऊन आलात?"

"ऑफिसात. होम टाऊन बदलायला."

बाबांचा हात थांबला. "मग?"

"नाही बदलत," आई म्हणाली. "नियम आहे म्हणे."

बाबांनी मान हलवली आणि पुढची शेंग घेतली. आईने चप्पल काढली, आत जाऊन फोन लावला. दार उघडंच होतं.

"दादा, मी बोलतेय, भोपाळहून. हो, सगळे बरे. ऐका, त्या मागच्या खोलीला खिडकी पाडून घ्या. पूर्वेला. चांगली मोठी. हो, हो, आम्हीच येतोय राहायला."

मटारचं भांडं बाबांच्या मांडीवरून उलटलं. दाणे व्हरांडाभर पळाले.

"अगं, काय सांगतेस त्याला?" बाबा जागेवरूनच ओरडले. "सामान तर पुण्याला जाणार आहे!"